इंग्रजी वाङ्मयानें नवें वळण कां घेतलें?

गेल्या वर्षींची गोष्ट आहे. वरच्या वर्गास इंग्रजी कविता शिकवीत असतां आम्हीं फळ्यावर ‘आधुनिक कवितेचीं पांच लक्षणें’ असा मथळा लिहिला व त्याखालीं तीं लक्षणें ओळीनें मांडून दिलीं : यमकाचा त्याग, तुटक रचना, दुर्बोध संदर्भ, निराशेचा सूर आणि शहरी जीवनाचें चित्रण. मुलामुलींनीं तीं वहींत उतरून घेतलीं. परीक्षेंत असा प्रश्न बहुधा येतोच, हें त्यांस ठाऊक होतें व आम्हांसहि ठाऊक होतें. तास संपण्याच्या सुमारास मागल्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, “सर, लक्षणें लिहून घेतलीं, पण ह्या कवीला झालें होतें काय?”

वर्ग हंसला. आम्हीहि हंसलों, आणि तेवढ्यांत घंटा झाली म्हणून सुटलों. परंतु घरीं जातांना वाटेंत तो प्रश्न आमच्या मनांतून जाईना. कविता विल्फ्रेड ओवेन याची होती. त्याला काय झालें होतें, हें आम्हांस माहीत होतें. तें न सांगतां आम्हीं त्याच्या कवितेचीं केवळ लक्षणें सांगितलीं होतीं. चूक आमची होती. मुलाचा प्रश्न रास्त होता. प्रस्तुत लेख हें त्या प्रश्नाचें उशिरां दिलेलें उत्तर आहे. त्यांत पालकांचाहि वांटा आहे. कारण ज्यांनीं आपल्या शाळेच्या दिवसांत वर्ड्स्वर्थ व टेनिसन यांच्या कविता तोंडपाठ केल्या, ते आम्हांस पुष्कळदां विचारतात कीं, पुढच्या काळांतील इंग्रजी लेखकांनीं ती सरळ, गोड, समजणारी वाट सोडली तरी कां?

प्रथम ती जुनी वाट कशी होती, तें पाहूं. राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ पासून १९०१ पर्यंत चालली. त्या काळांतील कादंबरीकार आपल्या कथेंत एखाद्या घरधन्याप्रमाणें वावरत असे. कोणत्या खोलींत कोण बसला आहे, त्याच्या मनांत काय आहे, त्याचें पुढें काय होणार, हें सारें त्याला ठाऊक असे. आणि तो वाचकाचा हात धरून त्यास खोलीमागून खोली दाखवीत असे. कथेला आरंभ असे, मध्य असे, आणि शेवटीं विवाह, वारसा, शिक्षा वा क्षमा अशी कांहीं तरी निरवानिरव होई. कवि १८५० पासून १८९२ पर्यंत राजकवि असलेल्या टेनिसनसारखा असला, तर त्याची ओळ नादमधुर असे व यमक ठरल्या जागीं येई. ह्या रचनेला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. आमचें स्वतःचें इंग्रजी तिच्यावरच पोसलें आहे. परंतु तिच्या मुळाशीं एक विश्वास होता, तो ध्यानांत घ्यावा. तो हा कीं, जग सुसंगत आहे, आणि लेखकाला व वाचकाला तें एकच जग सारखें दिसतें.

त्या विश्वासाला हळूहळू तडे जात होते. डार्विनचा ग्रंथ १८५९ सालीं निघाला आणि मनुष्याच्या उत्पत्तीविषयींची जुनी समजूत हादरली. विसावें शतक उजाडतां उजाडतां फ्रॉइडनें असें मांडलें कीं, मनुष्याचें मन त्याचें त्यालाहि पुरतें ठाऊक नसतें. १९०५ सालीं आइन्स्टाइननें दाखविलें कीं, काल हा सर्वांना सारखा मोजणारा नाहीं. तडे गेलेली ती भिंत कोसळली ती मात्र १९१४ च्या महायुद्धांत. १९१६ सालच्या जुलैच्या पहिल्या तारखेला फ्रान्सांत सोम नदीच्या परिसरांत जी लढाई सुरू झाली, तिच्या पहिल्याच दिवशीं ब्रिटिश सैन्याचे सुमारें १९,००० लोक मेले. त्यांतील पुष्कळ तरुण शाळेंतून थेट रणांगणावर गेलेले होते, आणि शाळेंत त्यांनीं शौर्याच्या कविताच पाठ केल्या होत्या.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊं. ओवेन १८९३ सालीं जन्मला. त्याची आई फार श्रद्धाळू होती. तारुण्याच्या आरंभीं तो डन्स्डेन नांवाच्या गांवीं तेथील धर्मगुरूचा मदतनीस म्हणून राहिला होता. तेथून बाहेर पडला तेव्हां चर्चविषयीं त्याचें मन दुरावलें होतें, तरी तेथें दिसलेलें गोरगरिबांचें दुःख तो विसरला नाहीं. १९१७ च्या आरंभीं तो फ्रान्समध्यें आघाडीवर गेला. कांहीं महिन्यांच्या तोफमारानंतर त्याचें मन खचलें, आणि त्याला एडिंबरोजवळच्या क्रेग्लॉकहार्ट येथील रुग्णालयांत धाडण्यांत आलें. तेथें सीग्फ्रीड ससून हा दुसरा सैनिक कवि त्याला भेटला व त्यानें त्याला लिहितें ठेवलें. ओवेन बरा झाला, पुन्हां आघाडीवर गेला आणि १९१८ च्या नोव्हेंबरच्या ४ तारखेला, युद्धसमाप्तीच्या अवघा एक आठवडा आधीं, एका कालव्याच्या कांठीं गोळी लागून मेला. त्या वेळीं तो पंचवीस वर्षांचा होता. ११ नोव्हेंबरला युद्ध संपल्याच्या आनंदानें घंटा वाजत असतां त्याच्या मृत्यूची तार त्याच्या आईच्या हातीं पडली. त्याच्या कवितांचें पुस्तक १९२० सालीं, म्हणजे तो गेल्यावर निघालें.

आमच्या वर्गांतील कवितेंत एक सैनिक भूमीखालच्या अंधाऱ्या जागीं उतरतो. तेथें त्याला एक अनोळखी मनुष्य भेटतो, आणि बोलतां बोलतां कळतें कीं, आदल्या दिवशीं त्यानेंच मारलेला तो शत्रु आहे. असा प्रसंग टेनिसनच्या गोड यमकांत कसा सांगावा? ओवेननें काय केलें तें पाहा. ‘काळ’ या शब्दाला ‘माळ’ हें पुरें यमक झालें. ओवेन ‘काळ’ या शब्दापुढें ‘कूळ’, किंवा ‘वाट’ या शब्दापुढें ‘वीट’ यावा अशा जातीचें यमक योजतो. व्यंजनें तींच, मधला स्वर तेवढा पालटलेला. कानाला यमकाची अपेक्षा असते. तें येतें, पण पुरें येत नाहीं. जिना उतरतांना अजून एक पायरी आहे असें समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसें मनाला होतें. आम्हीं फळ्यावर ‘यमकाचा त्याग’ असें लिहिलें होतें, तें ह्या कवीपुरतें खोटेंच होतें. त्यानें यमक टाकलें नव्हतें. जें जग त्यानें पाहिलें तें जसें मोडलेलें होतें, तसें त्यानें यमकहि मोडून दाखविलें होतें.

आमच्या मतें ह्या साऱ्या नव्या वळणाचें मर्म येथेंच सांपडतें. शुभवर्तमानांत नव्या द्राक्षारसाचा व जुन्या बुधल्यांचा दृष्टांत आहे, तो आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. इंग्रजी लेखकांनीं जुने बुधले टाकले ते हौसेखातर नव्हे. जें भोगलें तें त्यांत भरतां येईना म्हणून टाकले. त्यांच्यापुढें एकामागून एक तीन प्रश्न उभे राहिले. पहिला, हें सांगावें तरी कसें? दुसरा, हें सांगतां येतें तरी काय? आणि तिसरा, हें सांगण्याचा अधिकार कोणाचा? ह्या तीन प्रश्नांच्या दोरींत ओंवले म्हणजे ते निरनिराळे ‘वाद’ लक्षांत ठेवणें कठीण नाहीं.

पहिला प्रश्न वर्जिनिया वूल्फ या लेखिकेनें १९२४ सालच्या आपल्या एका निबंधांत मोठ्या गमतीनें मांडला आहे. रिचमंडहून वॉटर्लूकडे जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यांत कोपऱ्यांत एक वृद्ध बाई बसली आहे. तिला आपण मिसेस ब्राऊन म्हणूं. त्या वेळचे नामांकित कादंबरीकार डब्यांत आले, तर ते काय करतील? ते खिडकीबाहेर पाहतील, बाईच्या घराचें वर्णन करतील, घराचें भाडें किती तें सांगतील, गिरण्या व दुकानें दाखवितील. परंतु कोपऱ्यांतल्या त्या बाईकडे मात्र पाहणार नाहींत. वूल्फबाईंचा आग्रह असा कीं, कादंबरी त्या बाईविषयीं असावी, तिच्या घरभाड्याविषयीं नव्हे.

पण बाईच्या मनांत शिरावें कसें? एक घरगुती उदाहरण घेऊं. आई चुलीवर दूध ठेवून उभी आहे. डोळे दुधावर आहेत; पण मन वसतिगृहांतल्या मुलाकडे जातें, तेथून स्वतःच्या माहेरच्या विहिरीकडे, तेथून वाण्याच्या उधारीकडे, तेथून कै. वडिलांच्या खोकल्याच्या आवाजाकडे. आणि दूध उतूं जातें. घड्याळानें दोन मिनिटें झालीं. मनानें वीस वर्षें झालीं. जुना कादंबरीकार ‘तिनें दूध तापविलें’ एवढें लिहून पुढें जाईल. नव्या लेखकांना तीं वीस वर्षेंच लिहावयाचीं होतीं. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञानें १८९० सालीं मनाच्या ह्या अखंड वाहण्याला प्रवाहाची उपमा दिली होती. तीच पुढें कादंबरीच्या ह्या पद्धतीचें नांव झाली. मराठींत आपण तिला संज्ञाप्रवाह म्हणतों.

वूल्फबाईंची ‘मिसेस डॅलोवे’ ही कादंबरी १९२५ सालीं निघाली. तींत १९२३ च्या जून महिन्यांतला लंडनमधील एकच दिवस आहे. एक प्रतिष्ठित बाई संध्याकाळच्या मेजवानीची तयारी करीत आहे, आणि त्याच शहरांत युद्धांतून मन मोडून परतलेला सेप्टिमस नांवाचा एक तरुण भटकत आहे. मोठ्या घड्याळाचे ठोके दोघांच्याहि कानीं पडतात. दोघांची भेट मात्र कधींच होत नाहीं. सायंकाळीं त्यानें आत्महत्या केल्याची वार्ता मेजवानींत येऊन पोंचते, आणि क्षणभर त्या बाईला तो आपल्या अगदीं जवळचा वाटतो. कथानक म्हणावें तर इतकेंच. परंतु युद्ध संपून पांच वर्षें झालीं तरी तें कोणाच्या घरांत अजून चालूं आहे, हें ह्या एका दिवसांत जितकें दिसतें तितकें इतिहासाच्या पुस्तकांत दिसत नाहीं.

त्यापूर्वीं तीन वर्षें, १९२२ सालीं, ह्या वळणाचे दोन मोठे ग्रंथ निघाले. पहिला आयर्लंडच्या जेम्स जॉइसची ‘युलिसीझ’ ही कादंबरी. होमरच्या महाकाव्यांतील वीर दहा वर्षें समुद्रावर भटकतो. जॉइसचा नायक जाहिराती मिळवून पोट भरणारा एक साधा मनुष्य असून, तो १९०४ च्या जूनच्या १६ तारखेला डब्लिन शहरांत एक दिवस हिंडतो. हा ग्रंथ पॅरिसमध्यें सिल्व्हिया बीच या पुस्तकविक्रेत्या बाईनें छापून काढला. अमेरिकेंत त्यावरील बंदी १९३३ सालीं न्यायालयाच्या निकालानें उठली. शाळेच्या वयांत वाचावयाचें हें पुस्तक नव्हे, हें आम्ही मोकळेपणीं सांगतों. परंतु सामान्य मनुष्याचा सामान्य दिवस हा महाकाव्याच्या योग्यतेचा आहे, हा त्यांतील विचार कोणत्याहि वयांत घेण्याजोगा आहे.

दुसरा ग्रंथ टी. एस. एलियट याचें ‘द वेस्ट लँड’ हें काव्य. एलियट त्या वेळीं लंडनच्या एका बँकेंत नोकरीस होता. काव्य जेमतेम ४३४ ओळींचें, पांच भागांचें. पण त्यांत एका कवीचा सलग आवाज नाहीं. राजवाड्यांतले, दारूच्या गुत्त्यांतले, जुन्या पुराणांतले, निरनिराळ्या भाषांतले आवाज एकामागून एक येतात. मोठ्या भूकंपानंतर घराच्या ढिगाऱ्यांत कोठें देवाची तसबीर, कोठें मुलाची पाटी, कोठें फुटका आरसा दिसावा, तसें तें आहे. एझ्रा पौंड या मित्रानें हस्तलिखितांतला मोठा भाग निर्दयपणें कापून काढला, आणि एलियटनें काव्य त्यालाच अर्पण केलें. शब्दांची ही काटकसर पौंडनें आधींच स्वतःवर चालविली होती : भूमीखालच्या रेल्वेच्या स्थानकांत दिसलेल्या चेहऱ्यांवर त्यानें प्रथम सुमारें तीस ओळी लिहिल्या व अखेरीस दोनच ठेविल्या. ज्याला प्रतिमावाद म्हणतात तो हाच : वर्णन नको, उपदेश नको, एक स्पष्ट चित्र पुरे. (ह्याच पौंडनें पुढें दुसऱ्या महायुद्धांत मुसोलिनीच्या बाजूनें रेडिओवर भाषणें केलीं, हेंहि विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. ज्याला शब्दांचें तारतम्य असतें त्याला न्यायाचें असतेंच असें नाहीं.)

एलियटच्या काव्याचा शेवट आपल्या ओळखीच्या भूमीवर होतो. हार्वर्ड येथें तो संस्कृत शिकला होता. बृहदारण्यक उपनिषदांत प्रजापति देवांना, मनुष्यांना व असुरांना ‘द’ हें एकच अक्षर सांगतो, आणि तिघे त्याचा अर्थ दमन, दान व दया असा निरनिराळा घेतात, ही कथा आहे. युरोपच्या ढिगाऱ्यावर उभा राहून एलियट मेघगर्जनेंतले तेच तीन उपदेश ऐकतो. पुढें १९२७ सालीं त्यानें चर्च ऑफ इंग्लंडचा बाप्तिस्मा घेतला व १९४८ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्या श्रद्धेचा हा प्रवास आम्हांस जवळचा वाटतो. पण ‘द वेस्ट लँड’ तो श्रद्धावान होण्यापूर्वींचें आहे, आणि जें रितेपण त्यानें तेथें लपविलें नाहीं, त्यामुळेंच त्याची पुढची श्रद्धा खरी वाटते.

एका दिवसाची ती कादंबरी पुढें हिंदुस्थानांतहि आली. मुल्कराज आनंद हे लंडनमध्यें राहून ह्या लेखकांच्या सहवासांत आले होते. त्यांची ‘अनटचेबल’ ही इंग्रजी कादंबरी १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत बाखा नांवाच्या भंगीकाम करणाऱ्या तरुणाचा एकच दिवस आहे. सकाळीं कामाची हांक, रस्त्यांत चुकून झालेला स्पर्श, त्याबद्दल खावी लागलेली थप्पड, देवळाच्या पायऱ्या. घाट विलायतेचा, दुःख आपलें. मराठींत बा. सी. मर्ढेकर यांनीं १९४२ सालीं ‘रात्रीचा दिवस’ या कादंबरींत संज्ञाप्रवाहाचा मार्ग चोखाळला, आणि १९४७ सालीं ‘कांहीं कविता’ हा संग्रह काढून मराठी कवितेचें वळणच पालटलें. त्या कवितांवर दुर्बोधतेचा आरोप तर झालाच, पण अश्लीलतेचा खटलाहि झाला. त्यांतून कवि निर्दोष सुटले. आज त्यांच्या कविता पाठ्यपुस्तकांत शिकविल्या जातात. ‘समजत नाहीं’ हा पहिल्या दिवसाचा अभिप्राय असतो. तोच शेवटचा ठरतो असें नाहीं.

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें. नात्झी छावण्यांचीं दारें उघडल्यावर जगानें जें पाहिलें, आणि हिरोशिमावर जें घडलें, त्यापुढें पहिल्या युद्धाचे कवीहि निःशब्द झाले असते. आतां प्रश्न ‘कसें सांगावें’ हा राहिला नाहीं. सांगतां येतें तरी काय, असा झाला. सॅम्युएल बेकेटचें ‘वेटिंग फॉर गोदो’ हें नाटक मूळ फ्रेंच भाषेंत १९५३ सालीं पॅरिस येथें व इंग्रजींत १९५५ सालीं लंडन येथें रंगभूमीवर आलें. एक झाड, एक रस्ता, दोन भणंग मनुष्यें. तीं गोदो नांवाच्या कोणाची तरी वाट पाहत आहेत. तो पहिल्या अंकांत येत नाहीं, दुसऱ्या अंकांतहि येत नाहीं. लंडनचे कांहीं प्रेक्षक कंटाळून उठून गेले. परंतु १९५७ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅन क्वेंटिन या तुरुंगांत सुमारें १,४०० बंदिवानांपुढें हें नाटक झालें, तेव्हां ते चित्त देऊन बसून राहिले. त्यांना कोणीं टिपणें दिलीं नव्हतीं, लक्षणेंहि सांगितलीं नव्हतीं. वाट पाहणें म्हणजे काय हें त्यांस ठाऊक होतें, आणि तेवढें पुरेसें होतें. ह्या जातीच्या नाटकांना मार्टिन एस्लिन या समीक्षकानें दिलेलें अ‍ॅब्सर्ड हें नांव आपल्याकडेहि रूढ आहे.

ह्याच सुमारास इंग्लंडांत दुसरीकडे साधेपणाची ओढ लागली होती. १९५६ सालीं ‘न्यू लाइन्स’ हा कवितासंग्रह निघाला. त्यांतील कवींना ‘द मूव्हमेंट’ म्हणजे नुसती ‘चळवळ’ असें नांव पडलें. त्यांना एलियटचा अवघडपणा नको होता. त्यांच्यांतील फिलिप लार्किन हा हल येथील विद्यापीठांत ग्रंथपाल होता. त्याच्या एका कवितेंत सायकलीवरून जाणारा एक श्रद्धाहीन मनुष्य रिकाम्या चर्चमध्यें शिरतो. डोक्यावर काढावयास टोपी नाहीं, म्हणून तो विजारीला लावलेल्या सायकलच्या क्लिपा आदरानें काढतो. उद्यां कोणीच प्रार्थनेला आलें नाहीं, तर ह्या इमारतींचें काय होईल, असा विचार तो करीत राहतो. आपण येथें कां थांबलों, हें मात्र त्याला नीटसें सांगतां येत नाहीं. ज्यानें विश्वास गमावला आहे पण ओढ गमावलेली नाहीं, असा मनुष्य आम्हांस पुष्कळ प्रवचनांत भेटला नाहीं. तो ह्या कवितेंत भेटला. येथें यमक आहे, छंद आहे, भाषा सोपी आहे. म्हणजे नवेपणा दुर्बोधतेंतच असतो, हा समजहि बरोबर नव्हे.

आतां तिसरा प्रश्न : सांगावें कोणीं? आमच्या विद्यार्थिनींना ‘जेन एअर’ ही शार्लट ब्राँटीची १८४७ सालची कादंबरी फार आवडते. तींतील रॉचेस्टरच्या घरांत माळ्यावर एक वेडी बायको कोंडलेली आहे. ती हंसते, ओरडते, आग लावते; पण बोलत नाहीं. ती वेस्ट इंडीजमधून आणलेली आहे, एवढें कळतें. शंभराहून अधिक वर्षें वाचकांनीं जेनसाठीं अश्रु ढाळले. त्या कोंडलेल्या स्त्रीची कैफियत विचारली नाहीं. जीन ऱ्हीस ही लेखिका स्वतः वेस्ट इंडीजमधील डॉमिनिका बेटावर जन्मलेली. तिनें १९६६ सालीं ‘वाइड सारगॅसो सी’ ही कादंबरी लिहून त्या स्त्रीला नांव दिलें, बाळपण दिलें व वाचा दिली. आतां ‘जेन एअर’ पुन्हां वाचतांना तें माळ्यावरचें हंसणें पहिल्यासारखें ऐकूं येत नाहीं.

ह्या वर्गांतला सर्वांत मोठा ग्रंथ नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांचा ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ हा होय. तो १९५८ सालीं निघाला. ग्रंथाचें नांव यीट्सच्या, पहिल्या महायुद्धानंतरच्या एका कवितेंतून घेतलें आहे; युरोपच्या पडझडीचे शब्द अचेबे यांनीं आफ्रिकेच्या पडझडीला लाविले. त्यांचे वडील मिशनचे शिक्षक व सुवार्तिक होते. म्हणजे ते आमच्यासारख्याच घरांत वाढले. ओकोंक्वो हा इग्बो जमातीचा एक मानी पुरुष, त्याचें गांव, तेथील न्याय व अन्याय, आणि मग तेथें आलेले मिशनरी व सरकार, ही ती कथा. तींत ब्राऊन नांवाचा एक सौम्य मिशनरी आहे, जो गांवकऱ्यांचें म्हणणें ऐकून घेतो. आणि स्मिथ नांवाचा दुसरा आहे, जो ऐकत नाहीं. मिशनच्या शाळेंत शिकलेल्या व तेथेंच शिकविणाऱ्या आम्हांस तें वाचून सुख झालें नाहीं. पण तें वाचावयास हवेंच होतें. शेवटीं ओकोंक्वो मरतो, तेव्हां तेथील गोरा अंमलदार आपण लिहीत असलेल्या पुस्तकाचा विचार करतो. ह्या मनुष्याची गोष्ट त्यांत घालावी, फार नाहीं, एक परिच्छेद पुरे, असें त्याला वाटतें. ज्याच्या जीवनावर आपण नुकतें संबंध पुस्तक वाचलें, त्याचा एक परिच्छेद! तें पान वाचतांना आम्हांस आमचा फळा आठवला. ओवेनचें पंचवीस वर्षांचें आयुष्य आम्हींहि पांच ओळींत बसविलें होतें.

ह्या साहित्याला पुढें वसाहतोत्तर साहित्य असें नांव पडलें. त्याच काळांत जॉन फाउल्स यानें १९६९ सालीं आपल्या कादंबरींत स्वतः मध्येंच येऊन एकाच कथेला निरनिराळे शेवट दिले. लेखकाला सर्व ठाऊक असतें, हा जुना करारच त्यानें वाचकासमोर फाडून दाखविला. अशा खेळकर संशयाला उत्तर-आधुनिकतावाद म्हणतात. आणि इंग्रजी भाषा तर आतां एकट्या इंग्लंडची राहिलीच नव्हती. अरुण कोलटकर हे मराठींत व इंग्रजींत सारख्याच सामर्थ्यानें लिहिणारे कवि. त्यांची ‘जेजुरी’ ही इंग्रजी कवितामाला १९७६ सालीं निघाली व पुढच्या वर्षीं तिला राष्ट्रकुलाचें काव्यपारितोषिक मिळालें. खंडोबाच्या पायऱ्या, पडकीं देवळें व भुकेलीं कुत्रीं हीं इंग्रजी कवितेचा विषय होतील, असें टेनिसनच्या स्वप्नांतहि आलें नसेल.

इतकें वाचल्यावर विद्यार्थ्यांनीं काय करावें? आमची सूचना साधी आहे. नवी कविता वा कथा हातीं आली, म्हणजे प्रथम ती मोठ्यानें वाचावी. अर्थ लागला नाहीं तर लाजूं नये. न समजलेल्या ओळीखालीं पेन्सिलीची रेघ ओढून पुढें जावें. मग तीन प्रश्न विचारावे : ह्या मनुष्याला काय झालें होतें? तें जुन्या रीतीनें सांगतां आलें असतें काय? आणि ह्या कथेंत असा कोण आहे, ज्याला अजून कोणी बोलूं दिलेलें नाहीं? ‘वादा’चें नांव सर्वांत शेवटीं शोधावें. तें सांपडलें तर परीक्षेंत उपयोगी पडेल. न सांपडलें तरी कविता गमावली असें होणार नाहीं. उलट, नुसतें नवें रूप घेऊन आंत कांहींच नसलेलीं पुस्तकेंहि पुष्कळ निघालीं आहेत. तीं ह्या प्रश्नांपुढें आपोआप उघडीं पडतील.

पालकांस आमची विनंती अशी कीं, मुलाच्या हातीं अशी कविता दिसली, तर ‘ह्यांत यमक कोठें आहे’ असें म्हणून पुस्तक मिटूं नये. घटकाभर त्याच्याजवळ बसावें व त्याच्याकडून ती वाचून घ्यावी. आपल्यालाहि समजत नाहीं, हें त्याच्यापुढें कबूल केल्यानें आपला मान उणा होत नाहीं.

आम्ही त्या वर्गावर पुन्हां गेलों तेव्हां ती पांच लक्षणें पुसलीं व ओवेनच्या आईला आलेल्या तारेची हकीकत सांगितली. मग कविता पुन्हां वाचली. या खेपेस घंटा झाली तरी कोणी लगेच उठलें नाहीं. मागल्या बांकावरील तो मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें वहींतलें तें पान मात्र फाडलें नाहीं, त्याच्या खालीं ओवेनच्या मृत्यूची तारीख लिहून ठेविली. परीक्षेंत ती विचारली जात नाहीं.